तुमच्या कामाची मी दिलेली साक्ष

प्रिय आई,

वीस वर्षं एका घरात राहिलो आपण, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुम्ही जाऊन आता वर्ष होत आलं, आणि आज मी शाळेच्या ऑफिसात रजा टाकून स्वयंपाकघरात लिहीत बसलेय. सुनेला वेड लागलं म्हणाल!

कारण सांगते. काल समोरच्या चाळीतली शबनम आली होती. तिच्या आईला गेल्या महिन्यात कशेळीला टेम्पोनं उडवलं, हाताचं हाड मोडलंय. वकिलानं दिलेला भरपाईचा फॉर्म तिनं भरत आणला होता. नाव, वय, पत्ता सगळं लिहिलेलं. ‘व्यवसाय’ आणि ‘मासिक उत्पन्न’ या दोन ओळी मात्र कोऱ्या. म्हणाली, “भाभी, इधर क्या लिखूँ? अम्मी तो कुछ करती नहीं, घर पे ही रहती है.”

मला हसूच फुटलं आई! बिचारी गोंधळून बघायला लागली. मग तिला बसवलं, चहा टाकला आणि तुमच्या खटल्याची सगळी गोष्ट सांगितली. ती गेल्यावर मनात आलं, ज्यांची ही गोष्ट, त्यांना मी ती माझ्या बाजूनं कधी सांगितलीच नाही.

शहाऐंशी साल. तुम्ही काल्हेरला भावाकडे निघाला होतात. तेव्हा तिथं आतासारखी गोदामं नव्हती, दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. पण ट्रक होतेच. एस.टी.तून उतरून तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतात आणि सुताच्या गाठी भरलेल्या ट्रकनं तुम्हाला ठोकरलं. मांडीचं हाड मोडलं. दोन ऑपरेशनं झाली, आत सळई बसली, सहा महिने खाट धरली तुम्ही. उजवा पाय इंचभर आखूड झाला तो कायमचाच. मांडी घालून बसणं संपलं, चुलीपुढं उकिडवं बसणं संपलं.

आणि आपलं घर? महेश तेव्हा आठ वर्षांचा, नीता तीन वर्षांची. तुमच्या लेकाची, दिनूची, लूमच्या कारखान्यातली शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. मी आधी साठलेली रजा संपवली, मग बिनपगारी रजा काढली. धुण्याभांड्याला एक बाई ठेवली, मी कामावर परतल्यावर पोरांना सांभाळायला दुसरी. तरी रोज काहीतरी राहायचंच. दूध उतू गेलेलं, महेशचा डबा घरीच विसरलेला, गिरणीत दळण पडून. तुम्ही खाटेवरून नुसत्या बघायच्या. मला वाटायचं, मनात हसताय माझ्यावर. हसत होतात ना? खरं सांगा!

दिनूच्या ओळखीनं पाटकर वकील मिळाले. त्यांनी समजावलेलं मला अजून शब्दन्‌शब्द आठवतंय. म्हणाले, “वहिनी, भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. अपघाताआधी माणूस जिथं होता, तिथं पैशानं जमेल तेवढं त्याला परत नेऊन ठेवायचं.” मग कागदावर लिहीत गेले. झालेला खर्च, म्हणजे दवाखाना, औषधं, गाडीभाडं, सकस आहार. त्याच्या पावत्या लागतात. वेदना, त्याची पावती नसते, ती न्यायाधीश आपल्या अंदाजानं धरतात. आणि पुढची कमाई. सरकारी डॉक्टर अपंगत्वाचा टक्का लिहून देणार, कमाईतली किती बुडाली ते त्यावरून काढायचं, आणि वयाकडे बघून तितक्या वर्षांनी गुणायचं.

“आजींची कमाई किती?” त्यांनी पेन उचलून विचारलं.

मी दिनूकडे बघितलं, दिनूनं माझ्याकडे.

“हीच अडचण आहे,” पाटकर म्हणाले. “शून्याला कशानंही गुणा, शून्यच येतं. विमा कंपनीचा वकील यावरच बोट ठेवणार. आजींनी कोर्टात सांगायला हवं की घरातलं सगळं त्या करत होत्या.”

तुम्हाला किती पढवलं आम्ही! आणि तुम्ही ठाण्याच्या कोर्टात पिंजऱ्यात उभ्या राहून काय सांगितलंत?

विमा कंपनीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, “आजी, तुम्ही काम काय करता?”

“काम? न्हाय बा. मी कुठं काम करतंय? घरानच असतंय.”

“मग दिवसभर काय करता?”

“काय न्हाय. उठतंय, नि रातीला निजतंय.”

सगळं कोर्ट हसलं. तुम्हीही हसलात! वर त्यांनी पाय दुखतो का विचारलं, तर म्हणालात, “आता न्हाय दुखत. देवाची किरपा हाय.” पाटकरांनी कपाळाला हात लावला. तीन प्रश्नांत तुम्ही कमाईही बुडवलीत आणि वेदनाही!

खूप राग आला होता मला त्या दिवशी, आज कबूल करते. एवढे हेलपाटे, एवढ्या पावत्या जपलेल्या, आणि ज्यांच्यासाठी केलं त्याच म्हणतात मी काही करत नाही! परतताना एस.टी.त मी तुमच्यापासून दोन बाकं पुढं जाऊन बसले.

मग पाटकर म्हणाले, “आता सुनेची साक्ष काढू.”

पुढच्या तारखेला मी उभी राहिले. पगाराच्या स्लिपा आणि बिनपगारी रजेचा अर्ज हातात घट्ट धरून. पाटकरांनी विचारलं, अपघाताआधी आजींचा दिवस कसा जायचा? मी सांगायला लागले आणि आई, सांगता सांगता मीच थबकले. पाच वाजता नळाचं पाणी भरणं. तांदळाच्या भाकऱ्या. माझा, दिनूचा, महेशचा असे तीन डबे, तिघांच्या तीन वेळा. नीताला आंघोळ घालून भरवणं. धुणं, दळण, रेशनची रांग. महेशला शाळेतून आणणं. मी पाचला घरी येई तेव्हा निवडलेली भाजी आणि झाकून ठेवलेला चहा. हे सगळं मी रोज बघत होते. पण एका दमात, मोठ्यानं, कधी म्हटलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नाही.

विमा कंपनीचा वकील उठला. “पण बाई, घरकाम हे सुनेचंच काम नाही का?”

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, “साहेब, मी आठ तास बाहेर राहते ते सासूबाई घरात आहेत म्हणून. या पगाराच्या स्लिपेवर सही माझी असते, पण अर्धा पगार यांनी कमावलेला असतो.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि टायपिस्टला म्हणाले, “हे नीट घ्या. बाई जसं बोलल्या तसंच.” मग मलाच विचारलं, “त्यांच्या जागी ठेवलेल्या दोघींना काय देता?” मी सांगितलं. “आणि त्या दोघींत मिळून आजींएवढं काम होतं?”

“नाही साहेब. निम्मंही नाही.”

मी तुमच्याकडे बघायचं टाळत होते. बाकावर तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसला होतात.

परतताना एस.टी.नं पूर्णा गाव मागे टाकलं. मग तुम्ही खिडकीबाहेर बघतच म्हणालात, “कोर्टान येवरी बोललीस. घरान कवा न्हाय बोललीस ती?”

मी उलटच विचारलं, “तुम्ही तरी कुठं बोललात? मी कामाला निघाले की दारात गप्प उभ्या राहायच्या. मला वाटायचं, माझी नोकरी तुम्हाला आवडत नाही.”

तुम्ही गर्रकन वळलात. “आवरत न्हाय? अगं, तू वळणावरशी दिसेनाशी होईपरत बघाची मी! आपल्या घरानची बाई पर्स घेऊन ऑफिसान जाते, कोनाला न्हाय आवरनार?”

नऊ वर्षं, आई! नऊ वर्षं तुम्ही मला कौतुकानं बघत होतात आणि मी तो राग समजत होते.

दोन वर्षांनी निकाल लागला. मागितलं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मिळालं. पावत्या होत्या तेवढा खर्च मिळाला. वेदनेचे थोडेच मिळाले, ते तुमच्याच बोलण्यानं! आणि घरकामाचं मोल त्या दोन बायकांच्या पगारावरून धरलं, अपंगत्वाच्या टक्क्यानं आणि वर्षांनी गुणून. मला ते कमी वाटलं, मी चिडले. तुम्हाला आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं. पाटकरांनी इंग्रजी निकालातली एक ओळ मराठीत करून सांगितली होती, की बाई पगार घेत नव्हत्या म्हणून त्यांच्या कामाला मोल नव्हतं असं म्हणता येणार नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, “परत वाचा.” त्यांनी परत वाचली. घरी आल्यावर मला वाचायला लावलीत. मग शेजारच्या काकूंना बोलावून आणून परत एकदा!

बरीचशी रक्कम कोर्टानं बँकेत ठेवायला लावली. हातात आले त्या पैशांतून तुम्ही स्वयंपाकघरात उभा ओटा बांधून घेतलात आणि एक उंच स्टूल आणवलंत. माझ्यासाठी मनगटी घड्याळ घेतलंत. पुढची सात वर्षं त्या स्टुलावरून तुमचं राज्य चाललं. दिनू भाजी चिरायला शिकला तो तुमच्या धाकानं. चांगली वर्षं होती ती, आई. आपण बोलायचो. भांडायचोसुद्धा, पण तोंडानं.

एकच खंत आहे. पाय दुखायचा तुमचा. तेल चोळताना तुम्ही ओठ दाबून भिंतीकडे बघायच्या. विचारलं की म्हणायच्या, “कोर्टान सांगितलंय ना, न्हाय दुखत.” एवढं कशाला जपलंत ते वाक्य? मला सांगितलं असतंत तर मी काय न्यायाधीशांना कळवणार होते?

आता माझा शब्द घ्या. महेश वीस वर्षांचा झालाय. आणखी चार-पाच वर्षांनी घरात सून येईल. ती कामाला निघाली की मी दारात गप्प उभी राहणार नाही. मला तिचं जे आवडेल ते त्याच दिवशी, तिच्या तोंडावर, दिनूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगेन. ती लाजली तरी सांगेन. आणि माझं काही दुखत असेल तर तेही.

तुमची सून,
सुलभा