छत्तिसावा फोटो

२५ एप्रिल

फोन भिंतीवर मारला. तीन तुकडे! दर वेळी तीच पाटी — जागा संपली, जुने फोटो काढून टाका. अरे कोणाचे काढू? शेवटी हात उचलला गेला. एक काच उडून मोहनाच्या भुवईला लागली. दोन टाके. डॉक्टरांना तिने सांगितलं, कपाटाचा कोपरा लागला. मी शेजारीच उभा होतो, तिची पर्स धरून.

२६ एप्रिल

मोहना बोलली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "यापुढे काही फेकलंत आणि कोणाला लागलं, तर मी अवंतीला घेऊन आनंदकडे जाईन. परत यायची नाही." आनंद म्हणजे तिचा भाऊ, मांजलपूरला असतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच बोलली. आधी संताप आला, मग भीती. ती बोलते ते करते.

२७ एप्रिल

ठरलं! फोन साधा, बटणांचा. फोटोसाठी खरा कॅमेरा — जुना, धातूचा, फिल्मवाला, लेन्स आट्यांवर फिरवून बसवायची तो. रोल छत्तीस फोटोंचा. घरात शांत राहीन त्या दिवशी एक फोटो. रोल संपला की धुऊन मोहनापुढे ठेवायचा. बघ म्हणायचं, छत्तीस दिवस माणसासारखा वागलो.

पुरावा हवा. नुसत्या शब्दांवर ती आता विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा?

२८ एप्रिल

सयाजीगंजात गोविंदभाई आहेत, जुने कॅमेरे दुरुस्त करतात. तीन कॅमेरे काढून ठेवले. पहिला जपानी, कॅनन. देखणा, फिल्मपुढचा पडदा, म्हणजे शटर, धातूचा. पण पडद्यावर सुरकुती! कोणीतरी आत अंगठा घातलेला. गोविंदभाई म्हणाले, "साहेब, चाले! फोटामां कंई देखाय नहीं."

चाले! हा शब्द ऐकला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मकरपुऱ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं टूलरूम सांभाळतोय, 'चाले' म्हणणारे तीन जण हाकललेत.

दुसरा रशियन, फेड. आट्यांना गेज लावून बघितला — इंचाला सव्वीस, चोख! पण डोळा लावायची खिडकी बारीक, चष्मेवाल्याला निरुपयोगी. तिसरा झोर्की, तोही रशियन. लेन्ससकट पाऊण किलो. खिडकी ऐसपैस. आत दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवून एकीवर एक आणायच्या की अंतर जुळलं. हातात धरला आणि वाटलं, हा फेकला तर भिंत जाईल. म्हणून हा मी फेकणार नाही. हाच घ्यायचा!

गोविंदभाईंचं आपलं कॅनन, कॅनन. रोज वापरायचा तर झोर्की नको, पडदा कापडाचा आहे, बडोद्याच्या उन्हात लेन्समधून ऊन शिरलं की भोक पडतं. "लेवो ज होय तो ढांकणुं कायम राखजो." म्हटलं, झाकणाचं माझं मी बघेन, कॅमेरा वापरायचाय मला की तुम्हाला? काउंटरवर मूठ आपटली. काच तडकली नाही, नशीब.

निघताना दारापर्यंत येऊन आणखी काहीतरी सांगत होते — "बारीमांथी तो बधुं देखाय, पण फोटो बारी नथी पाडती." अहो कळतं! खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. मी काय दूधखुळा आहे?

१ मे

सुट्टी. फिल्म घालत होतो. अवंती फाइन आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे तिला सगळंच येतं. "बाबा, टोक रिळात नीट खोचलं नाहीये, सुटेल." म्हटलं, मला शिकवू नकोस. "शिकवत नाहीये, पण रोल कोरा जाईल ना—" फिल्मची डबी फेकून मारली. प्लास्टिकची, रिकामी. तिच्या खांद्याला लागली असेल नसेल. मोहना दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, डबीने काय होतं? हे धरायचं नाही!

अवंती आत गेली.

नंतर टोक पुन्हा खोचलं. ती सांगत होती तसंच.

२ मे

पहिला फोटो! मोहना, गॅलरीत, तुळशीला पाणी घालताना. लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र आठवर ठेवलंय, आता त्याला हातच लावायचा नाही. फोटो झाला की कॅमेरा पिशवीत.

४ मे

तिसरा. मोहना चहा गाळत होती. मध्येच म्हणाली, "अहो, ते—" म्हटलं, हलू नकोस! गाळणी धरून तशीच उभी राहिली. खिडकीत दोन मोहना जवळ जवळ येत एक झाल्या. आमच्या हरणी भागातल्या घराच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ही बाई माझी आहे आणि मी तिला मारत आलोय.

९ मे

कुरकुर नाही, काही नाही. कॅमेरा काढला की दोघी लगेच उभ्या राहतात. फक्त एक — मोहना सारखी लेन्सकडेच बघते. म्हटलं, माझ्याकडे बघ ना. बघितलं. हसलीसुद्धा!

१३ मे

अवंतीचा फोटो, खिडकीशी वाचताना. पायरी उतरताना पाऊल पुढे टाकून माणूस थांबतो, तशी ती तोंड उघडून थांबली. म्हटलं, काय? "काही नाही बाबा, काढा."

पोर समजूतदार होत चाललीय.

१७ मे

त्रेचाळीस अंश. गोविंदभाईंचं ऐकलं ते बरं केलं. पडद्याला एकही भोक नाही, आज उजेडात धरून तपासलं... नाही, तपासणार होतो. आत फिल्म आहे, मागची पाठ उघडता येत नाही. पण असणार नाहीच.

२१ मे

कारखान्यात माझ्या हाताखालच्या पीयूषने पत्रा कापायच्या पंचाचं माप चुकवलं. चार दिवसांचं काम भंगारात. वर म्हणतो, "सर, मी सोमवारीच सांगणार होतो, ड्रॉइंगमध्ये घोळ आहे." मग सांगितलं का नाहीस? "तुम्हाला कोण सांगणार, सर?" मायक्रोमीटरची लाकडी पेटी तोंडावर फेकली. ओठ फाटला. रक्त लेथवर, माझ्या शर्टावर. बाकीचे यंत्रं बंद करून नुसते बघत होते.

चोराच्या उलट्या बोंबा! चूक करायची आणि वर मलाच.

घरी येऊन फोटो काढला. विसावा. कारखान्यातलं घरात मोजायचं नाही. शर्ट मोहनाने न विचारता भिजत घातला.

३० मे

एकोणतिसावा. दोघी शेजारी शेजारी सोफ्यावर. खिडकीत फार सुंदर दिसल्या. आता सातच राहिले. मोहनाला म्हटलं, रोल धुतला की बघशील. ती म्हणाली, "हं."

५ जून

सकाळी पस्तिसावा काढला होता. नीट चाललं होतं सगळं!

पीयूषने लेखी तक्रार केली. मॅनेजर म्हणाले, सगळ्या कामगारांसमोर माफी मागा, नाहीतर घरी बसा. घरी आलो, कॅमेरा गळ्यात घातला. वाटलं, त्याच्या वजनाने शांत होईन. मोहनाला सांगितलं. ती म्हणाली, "मग मागा ना माफी. चूक तुमचीच आहे."

ओट्यावर पितळी बत्ता होता.

तिने हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडलंय. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग अवंतीचा आवाज. ती मला ढकलत होती, मी तिलाही ढकललं, ती दारावर आपटली. शेजारचे आले. संयोगिताबाई मोहनाला दवाखान्यात घेऊन गेल्या. माझ्याकडे कोणी बघेना.

सगळे गेल्यावर लक्षात आलं — डाव्या हाताने मी कॅमेरा छातीशी गच्च धरून ठेवला होता. तो कशाला आपटू नये म्हणून. त्याच्यावर साधा ओरखडा नाही.

मला माझी किळस आली. लिहून ठेवतोय.

६ जून

दहा वाजता रिक्षा आली. मोहनाचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून बॅग मीच खाली नेली. म्हटलं, एक फोटो उरलाय, काढू? अवंतीने तोंड फिरवलं. मोहना म्हणाली, "काढा." खिडकीत दोन मोहना एक झाल्या.

"आधी झाकण काढा लेन्सचं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून लावलेलंच आहे."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" मी ओरडलो.

"आत्ता रिक्षात बसलेय ना," ती म्हणाली.