उशांचा सौदा आणि मामंजींची झोप

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. (कागदावर तीर्थरूप आणि तोंडाने 'अरे दादा', ही आपल्या घरची जुनीच रीत, तेव्हा पुढे अरे-तुरे आलं तर भुवया चढवू नकोस.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला गेला का? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुझ्या पोटात गोळा यायचा.

आम्ही आमच्या उशा इंटरनेटवरच्या घाऊक बाजारात मांडल्या, तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास की ज्याचं तोंड दिसत नाही त्याला माल देऊ नये. मला असा राग आला होता म्हणून सांगू! (तोंड दाखवून बुडवणारे गिऱ्हाईक आम्ही काय कमी पाहिलेत?) आणि खरंच, सुरुवातीला सगळं छान चाललं. लांबलांबून मागण्या आल्या, कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरायला लागलं, शिवायला दोघी बायका ठेवल्या. मग एक दिवस ते साहेब उगवले. कुठल्याशा नव्या हॉटेलचे खरेदी अधिकारी. फोटोत टाय, मागे काचेची इमारत, आणि प्रत्येक वाक्यात 'मॅडम'. मला आजवर 'अहो उशीवाल्या' सोडून कुणी काही म्हटलेलं नाही, त्यामुळे मीसुद्धा थोडी विरघळले, खोटं कशाला बोलू? हॉटेलच्या सगळ्या खोल्यांसाठी उशा हव्यात म्हणाले. भाव सांगितला तो मान्य. घासाघीस नाही, नमुना नको, काही नाही. अरे, उशी घेणारा माणूस निदान एकदा दाबून तरी बघतो! पण आमचे हे म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात. साहेबांचं म्हणणं एवढंच, की व्यवहार त्या बाजाराच्या बाहेर करू, दलाली वाचेल. तेही ह्यांना पटलं. ह्यांना काय पटत नाही, ते मला लग्नापासून सापडलेलं नाही.

तर अख्ख्या हंगामाचा कापूस आम्ही त्या उशांत भरला. त्या पैशांविना गेल्या असत्या तर यंत्र विकायचं, त्या दोघींना घरी पाठवायचं आणि आम्ही दारात बसून माश्या मारायच्या, एवढा साधा हिशोब होता. ठरल्या दिवशी भर दुपारी साहेबांनी ठरवलेली मालाची गाडी दारात आली आणि पाठोपाठ साहेबांनी बँकेच्या पावतीचा फोटो धाडला: पैसे पाठवलेत, खात्यात दिसायला जरा वेळ लागेल, माल भरा. हे पावतीचा फोटो घेऊन असे घरभर फिरत होते, जणू नातू झालाय. गठ्ठे उचलायला सुरुवात करणार, तेवढ्यात लक्षात आलं की मामंजी अजून झोपलेत.

आता आमची पद्धत तुला ठाऊक आहे (तुम्ही आला होतात तेव्हा वहिनी ती बघून खूप हसली होती). माल बाहेर जाण्याआधी माझे सासरे गठ्ठ्याच्या मधली एक उशी ओढून काढतात आणि तिच्यावर दुपारची झोप घेतात. उठल्यावर मान डावीउजवीकडे वळवून बघतात. मान धरली असेल तर सगळा माल परत उसवायचा. आणि ते आपणहून उठेपर्यंत उठवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची शिस्त. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मामंजींनी कूस बदलली. उशा ह्या वेळी फारच उत्तम झाल्या होत्या ना, तेच नडलं!

शेवटी ड्रायव्हर वैतागून पायरीवर बसला. मी त्याला चहा दिला, तर तो आपलं रडगाणं गायला लागला. म्हणाला, ह्याच साहेबांसाठी काल एका गादीवाल्याचा माल उचलला, तर आता पैसे न मिळाल्याने तो गादीवाला त्यालाच फोन करून पिडतोय. आणि माल हॉटेलात नाहीच नेला, गावाबाहेरच्या एका गोदामात टाकला. मी किटली तिथेच पायरीवर ठेवली. बँकेला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, तुमच्या खात्यात काही आलेलं नाही, येण्याच्या वाटेवरही नाही.

एवढ्यात साहेबांचा फोन. मी म्हटलं, सासरे झोपलेत, माल मिळणार नाही. 'मॅडम' गायब! आधी ओरडले, मग म्हणाले, सौदा रद्द, माझे पैसे आत्ताच्या आत्ता परत पाठवा. आणि दादा, तुझे मेहुणे काय करत होते सांगू? लोकांचा पैसा आपल्याकडे राहायला नको म्हणून, कधी न आलेले पैसे परत पाठवायला निघाले होते! मी मोबाइल हिसकावून पिठाच्या डब्यात टाकला. मेला सज्जनपणा! ह्या माणसावर चिडावं की ह्याची दृष्ट काढावी, मला आजही कळत नाही.

पुढचं सगळं चांगलंच आहे. बाजारवाल्यांकडे तक्रार केली, त्यांनी साहेबांचं खातं बंद केलं. ड्रायव्हरने गोदाम दाखवलं, पोलीस गेले, गादीवाल्याच्या बऱ्याचशा गाद्या परत मिळाल्या. आता तो आणि आम्ही मिळून गादी-उशीचा जोड विकतो, त्याच बाजारात, आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय गठ्ठा हलत नाही. मागण्या इतक्या आहेत की तिसरी शिवणारी बघतेय. तेव्हा काळजी नसावी. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. वहिनीसाठी एक उशी पाठवलीय. तिचे पैसे पाठवलेस तर बोलणार नाही.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच लिहिलंय. हे सगळ्यांवर विश्वास ठेवतात, मी सगळ्यांवर ओरडते. शांतपणे संशय घेणारं माणूस आमच्याकडे नाही. तू जन्मभर बँकेच्या खिडकीत बसून प्रत्येक सही उजेडात धरून पाहिलीस. वहिनी म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तू कुणाशी बोलत नाहीस, आता माझा उपयोग काय म्हणतोस. मला फार वाईट वाटलं रे. उपयोग इथे आहे. येणारी प्रत्येक मागणी आधी तू बघायची. पगार देऊ, आणि भांडायला मी आहेच.

ता. क. तिसरा. हे पत्र खरोखर माझंच आहे की कुणी माझ्या नावाने पाठवलंय, असा संशय तुला आत्ता आलाच असेल. मग कर फोन आणि घे खात्री. कित्येक दिवसांत तुझा आवाज ऐकलेला नाही.