स्थलांतर झालं नाही

बेलवली, बदलापूर
६ जानेवारी २०२५

ती. किर्तीताईस सा. न. वि. वि.

फोन सासूबाईंच्या, बनूबाईंच्या, हातात असतो, म्हणून कागद. बाळाला झटके येतात, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला. म्हणाले, वळ्या पडलेल्या नाहीत, स्थलांतर नीट झालं नाही. बनूबाईंनी स्थलांतर तेवढा एक शब्द उचलला. पहिलटकरीण सातव्यात माहेरी गेली नाही, नोकरी सुटेना, म्हणून पोराचं हे झालं, असं गल्लीभर सांगतात. खुद्द डॉक्टर बोलला म्हणे. तेव्हा गेली नाहीस, आता पोराला घेऊन कायमची जा, असा निकाल लागलाय. जितेश नवरा असून खाली मान घालून जेवतो.

जनुकांच्या चाचणीचा रिपोर्ट सोबत आहे. तुझं संशोधन यातलंच. यांना कळेल असं लिही.

तुझी,
मनाली


अंबरनाथ
१० जानेवारी

चि. मनालीस अ. आ.

बनूबाईंच्या अकलेला माझा दंडवत सांग. स्थलांतर पेशींचं, सुनेचं नव्हे. चेतापेशी मेंदूत खोल जन्मतात आणि रांगत वरच्या थरात जातात. त्यांच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोर असतात. पेशी पुढे एक फांदी टाकते, मग दोर तिचं केंद्रक ओढून नेतात. प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर चुकलं की दोर कच्चे, पेशी अर्ध्या वाटेत. हा प्रवास बहुतेक सातव्याच्या आधीच उरकतो. तू माहेरीच काय, चंद्रावर गेली असतीस तरी फरक नव्हता.

रिपोर्ट स्पष्ट आहे. बदल तुझ्यात नाही, जितेशमध्येही नाही, नव्याने झालाय. अशा केस आम्ही पाहतो. तुमची केस पुस्तकात छापावी इतकी स्वच्छ आहे. हे त्या घरात मोठ्याने वाच. कळणार नाही, पण गप्प बसतील.

तुझी,
किर्ती


बेलवली
१८ जानेवारी

ती. ताईस सा. न.

वाचलं. जितेशमध्ये दोष नाही एवढं ऐकून बनूबाईंनी शेजारी पेढे वाटले. पुढचं कोणी ऐकलं नाही. आता मी राहिले तर चालेल म्हणतात. बारशाचं विचारलं, तर नणंद सुरुची म्हणाली, असल्या पोराचं कसलं बारसं. जितेशने तोंड उघडलं, ते जांभई द्यायला.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात केस दोनदा आहे, भाचा एकदाही नाही. तो दूध सावकाश पितो. माझं बोट धरलं की सोडत नाही.

पुढच्या रविवारी त्याला घेऊन येते. राहायला नाही, बारशाला. आत्या येणार नाही, म्हणून कानात नाव मावशीने सांगायचं. त्याला नाव असावं असं तुला वाटत असेल, तरच दार उघड.

लोभाचं त्यानंतर बघू.

मनाली