अठ्ठावीस नंबरचा ठेका

लालबाग, ४ मार्च १९९५

प्रिय महादेव,

आपल्या लेकीच्या, लतिकाच्या लग्नात माझाच बँड हवा, असं तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. गिरणी सुटल्यावर मी स्वतःचा बँड उभा केला, याचं तुला अजून माझ्याहून जास्त कौतुक.

ब्याऐंशीच्या गिरणी संपात रिकामा होतो, तेव्हा परळच्या डिमेलो मास्तरांनी मला बाजाचा कागद वाचायला शिकवलं. पाच आडव्या ओळी, त्यांवर उभ्या रेघा. दोन रेघांमधली जागा म्हणजे एक खोली, मास्तर म्हणायचे. सुरुवातीला एकाखाली एक दोन आकडे. वरचा सांगतो प्रत्येक खोलीत किती ठोके, खालचा सांगतो ठोका केवढा. वर चार असेल तर खोलीत चारच. ना कमी, ना जास्त. म्हटलं, मास्तर, आमच्या खोलीत अकरा माणसं राहतात! म्हणाले, "म्हणून तुमच्याकडे नुसता गोंगाट." हसलो रे खूप. पण मला ते लगेच कळलं, कारण मागांचे ठोके वीस वर्षं कानात होते. तुझा अठ्ठावीस नंबरचा माग तर डोळे मिटून ओळखायचो: तीन खणखणीत, चौथा बसका.

त्या दिवाळीनंतर, संप चालू असतानाच, गिरणीत आठ-दहा माग चालू झाले. जाळीच्या गाड्यांतून माणसं आत नेत, चेहरे दिसत नसत. एका दुपारी मागच्या भिंतीशी उभा राहून ऐकलं. तीन खणखणीत, चौथा बसका. म्हटलं, तू आत आहेस.

पुढे संपातल्या पोरांनी फितूर म्हणून तुला मारलं, पाय गेला. हॉस्पिटलात सुभद्रावहिनींसमोर रडून म्हणालास, "आईशपथ कुशा, आत पाऊल नाय टाकलं मी." मी मान डोलावली. मनात म्हटलं, माझे कान खोटं बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात पोस्टातली बकुळा क्लॅरिनेट शिकायला आली. तिनं विचारलं, "मास्तर, वाजवणारा बदलला की हे आकडे बदलतात?" म्हटलं, "छे गं, आकडे कागदाचे. कुणीही वाजवो." बोललो आणि हातातली काठी तशीच राहिली. दुसऱ्या पाळीला तुझ्या मागावर विठोबा असायचा, तेव्हाही चौथा ठोका बसकाच पडायचा. तो ठोका मागाचा होता, महादेव, तुझा नव्हता. एवढं आठवायला मला बारा वर्षं लागली.

दर पत्रात विचारतोस, त्या पोरांना तुझं नाव कुणी दिलं. मी दिलं. भिंतीपासून सरळ त्यांच्याकडेच गेलो होतो. लग्नाच्या सुपारीचे पैसे घेतलेले नाहीत, घेणारही नाही. मी येऊ की नको, ते तू कळव. नको म्हणालास तरी माझी माणसं येतील, वाजवतील. मी नसलो म्हणून ठेका बदलत नाही.

तुला म्हणवत असेल तर, अजून तुझाच,
कुशाबा