राळेत बसवलेल्या खुंट्या

बाबा, तुमच्या पेटीची आणखी एक खुंटी आज माझ्या हातात तुटली. मुंडकं पकडीत आलं आणि आट्यांचा भाग फळीतच राहिला, पकडायला काही नाही असा. मी पकड अंगणात भिरकावली. आतून आई म्हणाली, "आता काय मोडलंस रे?" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या क्षणाला भांडायला समोर तुम्हीच हवे होतात. ते जमत नाही म्हणून लिहायला बसलोय.

पेटी म्हणजे तीच, काचेखालच्या उतरत्या फळीवरून लोखंडी गोळी धावते ती. दट्ट्या ओढून सोडला की गोळी वर जायची, रबराच्या कड्या घातलेल्या खुंट्यांवर आपटत खाली यायची आणि वाटेत घंटी वाजवायची. लढाई संपली तेव्हा गोऱ्यांच्या छावणीतलं मोडकंतोडकं सामान मुंबईहून शिडाच्या पडावात भरून पनवेलच्या बंदरात आलं होतं. त्यात ही होती, खाऱ्या पाण्यानं भिजून फुगलेली, कुणालाच नको असलेली. होड्या बांधणारा माणूस हिचं काय करणार, म्हणून लोक हसले. तुम्ही ती हातगाडीवर घालून घरी आणलीत. फळीवर अर्ध्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका रंगवलेल्या होत्या, त्यामुळे आईनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मग तुम्ही होडीच्या रंगाचे डबे आणलेत आणि बायकांवर कर्नाळ्याचा सुळका काढलात, खाली खाडी, खाडीत शीड उभारलेला पडाव. एका बाईचा गुडघा मात्र टेकडी म्हणून तसाच राहिला. तो आईच्या लक्षात आलेला नाही, आणि मी सांगणारही नाही.

तुम्ही बांधलेल्या होड्यांपैकी आता एकही पाण्यावर नाही. खाडी गाळानं भरत चाललीय, माल लॉरीतून जातो. तुमच्या हातचं म्हणावं असं ही पेटीच उरलीय, आणि तीही मागच्या वर्षापासून अडली. खुंट्या वाकल्या, झिजल्या, गोळी मध्येच थांबायला लागली. दादाला पेटीचा कोपरा बाळाच्या पाळण्याला हवाय. दादा वाईट नाही, पण एकदा बोलला की बोलला. "शिमग्यापर्यंत वाजली त ओटीवर ठेव. नाय त होळीत घालतो. लाकूड चांगला हाय." त्या दिवसापासून होळीसाठी लाकडं गोळा करणारी गल्लीतली पोरं येता-जाता पेटीवर नजर टाकून जातात.

मला वाटलं होतं, हे चुटकीसरशी होईल. मी मोटारींच्या गॅरेजात काम करतो बाबा, ते तुम्हाला माहीत नाही. उस्तादांनी तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं की आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय काही बसवायचं नाही, कारण आज आपण बसवतो ते उद्या कुणीतरी काढणार असतो. या खुंट्यांपुढे मात्र मी हात टेकले. रॉकेल सोडून रात्रभर मुरू दिलं. हातोडीनं हलके ठोके दिले. फळीखाली निघालेल्या आट्यांवर दोन नट एकमेकांवर कसून पाना लावला, तर आटेच घासून गुळगुळीत झाले. ड्रिल मारून काढ म्हणून सगळे सांगतात. पण फळी आधीच फुगलेली. ड्रिल मारलं तर ती चिरणार, आणि तिच्याबरोबर कर्नाळाही.

शेवटी आज त्या तुटक्या टोकावर तापवलेली सळई टेकवली. गंज सुटेल असं वाटलं होतं. खुंटीच्या बुडातून तांबूस, चिकट बुडबुडा वर आला आणि घरभर वास पसरला. राळ! तेलात कढवून होडीच्या फटींत भरतात ती राळ. म्हणजे फळी रंगवून झाल्यावर तुम्ही एकूण एक खुंटी राळेत बुडवून बसवली होती! अहो, ही पेटी होती, गलबत नव्हतं. ही काय खाडीतून उरणला निघाली होती? इतके दिवस मी रॉकेल पाजत बसलो, बोटं सोलून घेतली, आणि तुम्ही आत राळ भरून मोकळे झालात.

वास आल्यावर तो दिवस आठवला. मी लहान आहे, तुमची पकड घेऊन एक खुंटी फिरवून बघतोय, खाली काय असतं म्हणून. तुम्ही बंदरावरून येता, हात कोपरापर्यंत काळे. पकड काढून घेता आणि माझ्या हातावर फटका मारता. "बसवलेला काढायचा नाय. होडी पाण्यात गेल्यावर कोन उघडून बघतंय?" एवढंच. का, ते सांगितलं नाहीत. तुमचं सगळंच असं. छातीत दुखत होतं तेही आम्हाला कळलं ते तुम्ही बंदरावर कोसळल्यावर. थोडं आधी बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मला याचा राग आहे बाबा. खुंट्यांच्या रागापेक्षा तो जुना आहे.

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता. आज शिमगा.

मधल्या दिवसांत सळई तापवून तापवून सगळ्या खुंट्या काढल्या. कर्नाळ्याला एक डाग पडला, पण फळी वाचली. गॅरेजातल्या लेथवर नव्या खुंट्या करून घेतल्या, आट्यांना ग्रीस लावून बसवल्या, आणि काल दादाला हाक मारली. घंटी वाजली तशी आई पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. दादा हसत होता, पुन्हा पुन्हा दट्ट्या ओढत होता. आणि मग गोळीच्या आपटण्यानं एक खुंटी हलायला लागली. मग तिच्या शेजारची. भोकं झिजून सैल झालेली, त्यात माझं ग्रीस; खुंट्या आपोआप फिरून वर यायला लागल्या. एक निघून काचेखाली गडगडली आणि गोळी तिला अडून बसली. दादानं माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाला, "उद्या सांजच्याला नेतो."

कालच ग्रीस पुसून काढलं. बंदरावर गेलो. तिथं राळ ठेवणारं आता एकच दुकान उरलंय. ती घरी आणून तेलात कढवली, आणि प्रत्येक खुंटी बुडवून बसवली. आई चुलीशी वास घेत बसून राहिली. म्हणाली, "तुजा बापूस घरात आल्यावानी वाटतंय."

सकाळपासून पेटी ओटीवर वाजतेय. होळीसाठी आलेली पोरं लाकडं विसरून तिथंच रांग लावून उभी आहेत, आणि दादा त्यांना धक्काबुक्की करू नका म्हणून ओरडतोय. एकही खुंटी हललेली नाही. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग सांगायचं होतंत ना बाबा, फटका मारण्याऐवजी! माझा राग अजून गेलेला नाही. हा कागद कुठं पाठवायचा तेही कळत नाही, माझ्या खिशातच राहील.

उद्या कुणी पेटी उघडायला बसेल तेव्हा तोही अशीच पकड भिरकावील आणि मला शिव्या घालील. घालू दे. तुम्ही लावत होतात त्यापेक्षा मी राळ जरा जास्तच लावलीय.