मारिया हाकोबेचे शिर आणि हात

ताजी वस्तुस्थिती अशी आहे की, आमच्या घरातल्या मारिया हाकोबेच्या मूर्तीचे शिर जुने आहे आणि हात नवे आहेत. माझी धाकटी बहीण रेमेदियोस हिच्या घरातल्या मारिया हाकोबेचे हात जुने आहेत आणि शिर नवे आहे. प्रांताच्या वारसा कचेरीतल्या तज्ज्ञ श्रीमती इलागान यांनी गुरुवारी दोन्ही घरांत जाऊन, भिंगातून पाहून, याला दुजोरा दिला. जुने ते हस्तिदंती, नवे ते लाकडी, असे त्यांनी सांगितले. अदलाबदल कधी झाली हे सांगता येणार नाही, असेही त्या म्हणाल्या.

मी, एउसेबियो लांतिन, वय एकोणऐंशी, विधुर, निवृत्त वार्ताहर, राहणार लागुना प्रांतातल्या तलावाकाठच्या या गावी, हे माझे मृत्युपत्र करत आहे. ईस्टर झाल्यावर मनिलात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, म्हणून ते आत्ता करत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मी शुद्धीवर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गोंधळलेला माणूस मृत्युपत्र करू शकतो का, हे मी माझे वकील अटर्नी पानालिगान यांना वेगळे विचारले. गाव मला मांग बियोंग, म्हणजे बियोंगकाका, म्हणते, तेही तसेच म्हणतात. ते म्हणाले, "मांग बियोंग, कायद्याला गोंधळ चालतो. वेड चालत नाही." तेव्हा पुढचे वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

कलम एक. राहते घर, खाली दगडी आणि वर लाकडी, माझी एकुलती एक मुलगी देल्फिना हिला द्यावे. शिंपल्याच्या तावदानांची एकही खिडकी काढून तिथे काच बसवू नये. वरचा दिवाणखाना पवित्र आठवड्यात मोकळा ठेवावा, कारण ख्रिस्ताच्या यातनांचे गायन आजवर तिथेच झाले आहे आणि गाणाऱ्या बायकांना दुसरीकडे सूर लागत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना आल्याचा काढा आणि केळीच्या पानात उकडलेला चिकट भाताचा सुमान भरपूर द्यावा. माझी पत्नी नेना हात राखून वाढायची नाही, देल्फिना राखून वाढते. श्रीमती इलागान यांना घरावर माहितीची पाटी लावायची आहे. हरकत नाही, मात्र तिच्यावरचा मजकूर खिळे ठोकण्यापूर्वी कुणातरी लिहित्या माणसाने वाचावा.

कलम दोन. पतपेढीतल्या शिलकीतून माझे दफन करावे आणि उरेल ते देल्फिनाने घ्यावे. याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तीन. माझे टंकयंत्र आमच्या पाद्रीबाबांना द्यावे. त्यांच्या हाताने लिहिलेल्या सूचना गावात कुणाला वाचता येत नाहीत, आणि मागच्या वर्षी त्यामुळे अर्धे गाव प्रार्थनेला एक तास उशिरा पोहोचले.

कलम चार. गावच्या बँडमधला कॉर्नेटवादक क्रिसांतो बेयो याला मी क्षमा केलेली नाही. आमची मारिया हाकोबे रस्त्यावर असली की तो चाल इतकी वाढवतो की गाडा ओढणारे धापा टाकतात, आणि बहिणीची असली की असा संथ वाजवतो जणू काही मोत्यांच्या पायघड्यांवरून निघाला आहे. विचारले तर म्हणाला, "अहो, तुमच्या गाड्याची चाकंच पळतात, मी काय करू?" चाकांना दरवर्षी वंगण देल्फिना घालते. तरीही माझ्या अंत्ययात्रेत त्यानेच वाजवावे, कारण दुसऱ्या कुणाला ती धून येत नाही. माझी वेताची आरामखुर्ची त्याला द्यावी. बसून तरी सावकाश वाजवायला शिकेल.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट.

मारिया हाकोबे ही हातात झाडू घेऊन प्रभूचे थडगे झाडायला निघालेली संत. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आमच्या गावात प्रत्येक संत एकेका घराण्याचा असतो. तेच घर त्याला वर्षभर सांभाळते, सजवते आणि गाड्यावर उभे करून रस्त्यावर आणते. मारिया हाकोबे लांतिन घराण्याची. तिला शिर आहे, दोन हात आहेत, बाकी आत नुसता पट्ट्यांचा लाकडी सांगाडा, असे मी ऐकून आहे. पाहिलेला नाही. ती स्त्री असल्यामुळे तिचे कपडे बायकाच बदलतात. त्या दिवशी दिवाणखान्यात पडदा लागतो आणि घरातल्या पुरुषांनी खाली गाड्यापाशी जाऊन थांबायचे असते. शिर आणि हात स्क्रूने निघतात, ते वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळतात, हेही मला ऐकूनच माहीत. पडदा सरकला की मी वर जातो आणि तिच्या झग्याच्या काठाला ओठ लावतो. हाताला रुमाल लावायचा मान बायकांचा.

मूर्ती थोरल्या मुलाकडे जाते, या रिवाजाने वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. मेदिंगला, म्हणजे रेमेदियोसला, ते पटले नाही. ती म्हणाली, "आईबरोबर मी तिला सजवली, आणि मालक तू? तू तिचा कोपर तरी पाहिलायस का?" मी रिवाज सांगितला. तिने पाएते गावच्या कारागिराकडून दुसरी मारिया हाकोबे लाकडात घडवून घेतली, हुबेहूब. त्या गुड फ्रायडेला दोन झाडूवाल्या निघाल्या आणि गाव हसले. मग तेव्हाच्या पाद्रीबाबांनी ठरवून दिले, विषम साली माझी, सम साली तिची. त्यानंतर आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही, लग्नात नाही आणि मयतातही नाही. माझ्याकडे अस्सल आहे एवढे मला पुरेसे होते.

तलावाचे पाणी गावात शिरले त्या वर्षी मेदिंगचे बैठे घर खिडक्यांपर्यंत बुडाले. मी बातमीसाठी सांता क्रूझला अडकलो होतो. नेनाने होडी पाठवून नणंदेला आणि तिच्या मारिया हाकोबेला आमच्या माडीवर आणले. आमची तेव्हा खालच्या दगडी खोलीत असायची, म्हणून दोन्ही मूर्ती ओल्या झाल्या होत्या. दोघींनी त्यांचे भाग सुटे करून चुलीपाशी वाळवले आणि पुन्हा जोडल्या. पाणी ओसरल्यावर मेदिंग आपली घेऊन गेली. एवढे मला ठाऊक होते, आणि यात विचारण्यासारखे काही आहे असे तेव्हा वाटले नाही.

गुरुवारी श्रीमती इलागान गेल्यावर मी देल्फिनाला विचारले. नेना गेल्यापासून सहा वर्षे तीच मारिया हाकोबेला सजवते. मला ती ताताय, म्हणजे बाबा, म्हणते.

"हात लाकडाचे आहेत हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना, ताताय. पहिल्याच वर्षी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कळून काय करायचं होतं? झाडू नीट धरला होता तिनं."

मी कितीतरी मंत्र्यांना प्रश्न विचारले आहेत. यावर पुढचा प्रश्न मी मेदिंगला निरोपाने धाडला.

शुक्रवारी मेदिंग स्वतः आली. आमच्या जिन्यावर तिचे पाऊल पुरानंतर पहिल्यांदाच पडले. गुडघे दुखतात म्हणून ती प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि प्रत्येक पायरीवर मला नावे ठेवत होती. बसल्यावर मी विचारले, हे कसे झाले?

"चूल एक, बायका दोन, आणि सगळं घर चिखलात. चुकून झालं, कुया," ती म्हणाली. कुया म्हणजे थोरला भाऊ.

कॉफी घेतल्यावर म्हणाली, "चुकून कसलं! नेनानं मुद्दाम केलं. म्हणाली, तुम्ही भावंडं तर बोलत नाही, हिचे हात तरी जाऊ देत तुझ्या घरी."

आणि निघताना जिन्यात कठडा धरून म्हणाली, "खरं सांगू? मला वाटतं, हे आधीच झालं होतं. नमुन्यासाठी मूर्ती नेली तेव्हा आईनंच कारागिराला सांगितलं असणार, शिर थोरल्याला ठेव आणि हात पोरीला दे. मी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हाच ते हात मला ओळखीचे वाटले होते."

मी म्हणालो, "मेदिंग, तीनपैकी खरं कोणतं?"

"तू वार्ताहर. तू शोध."

शोध लागला नाही. नेना आणि आई दोघीही उरलेल्या नाहीत, आणि कारागीरही नाही. तिन्ही गोष्टी एकाच बाईने एका भेटीत सांगितल्या आहेत आणि तिन्ही सांगताना तिचा चेहरा सारखाच होता. मी आयुष्यभर एका बातमीला दोन साक्षी मागितले. इथे एक साक्षी आहे आणि तीन बातम्या.

आता प्रश्न पुढचा. श्रीमती इलागान यांचा प्रस्ताव असा की, जुने शिर आणि जुने हात एकत्र करून एक पूर्ण जुनी मूर्ती उभी करावी. प्रांताच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात तिला जागा आहे. तिथून ती रस्त्यावर येणार नाही. नवे शिर आणि नवे हात यांची दुसरी मूर्ती मिरवणुकीसाठी राहील. हे मान्य नसेल, तर दोन्ही मूर्ती आहेत तशा घरात राहतील, आळीपाळीने मिरवणुकीत जातील, आणि काही मोडले तर जबाबदार आम्ही. दोन्ही मालकांची सही हवी, आणि कचेरी सुट्टीसाठी बंद होण्यापूर्वी, म्हणजे बुधवारी दुपारी, त्या उत्तर घ्यायला येणार आहेत.

देल्फिना काचेच्या बाजूने आहे. "पाऊस आला, चाक खड्ड्यात गेलं, कुणी दारुडा गाड्यावर आदळला, तर? ताताय, दोनशे वर्षं जुनं शिर आहे ते. तुमच्यानंतर मी एकटी कशी राखू?"

मेदिंग रस्त्याच्या बाजूने आहे. "काचेत काय झाडणार ती?"

मला दोघींचे पटते, हीच माझी अडचण. शिर फुटले तर पुन्हा मिळणार नाही, हे खरे. पण गुड फ्रायडेच्या संध्याकाळी लोक दारात मेणबत्त्या घेऊन उभे असतात, गाडा थांबतो, बायका पुढे होऊन तिच्या हाताला रुमाल लावतात आणि घरी जाऊन तो आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात. विषम साली ते रुमाल लाकडी हाताला लागत होते. माणसे तरीही बरी झाली, किंवा झाली नाहीत, जशी सम साली. मग ज्याला मी अस्सल म्हणत होतो ते नेमके कुठे होते? शिरात असेल तर तिचे हात कुणाचे? हातांत असेल तर मी इतकी वर्षे कशाचा मालक होतो? याचे उत्तर मला आलेले नाही, आणि शस्त्रक्रियेपूर्वी येईल असे दिसत नाही.

म्हणून मी असे ठरवतो. मारिया हाकोबेचे शिर, सांगाडा, झगे, चांदीचे वलय आणि गाडा, यांपैकी काहीही पुन्हा थोरल्या मुलाच्या रिवाजाने जाणार नाही. हे सर्व मी माझी बहीण रेमेदियोस आणि मुलगी देल्फिना या दोघींना समाईक देतो. आणि हे माझ्या मृत्यूची वाट न पाहता, आजपासून. त्याचे बक्षीसपत्र अटर्नींनी वेगळे केले आहे आणि दोघींनी त्यावर सही करून ते स्वीकारले आहे. मेदिंगनेही तिच्या मूर्तीचे तसेच केले. काच की रस्ता, हे त्या दोघींनी ठरवावे. मी, वकील, पाद्रीबाबा किंवा वारसा कचेरी यांनी त्यात बोलू नये. मेदिंगच्या पश्चात तिचा वाटा ती जिला सजवायला शिकवेल तिला जावा, मग ती लांतिन असो वा नसो.

अटर्नींनी आक्षेप घेतला. "मांग बियोंग, बुधवारी त्या दोघी शिर-हात हलवणार असतील, तर तुम्ही नक्की कोणती मूर्ती देताय ते तुम्हालाच माहीत नाही."

"अटर्नी, आजवर कधी माहीत होतं?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा."

कलम सहा. अटर्नी पानालिगान यांनी या मृत्युपत्राची व्यवस्था पाहावी. कुणी हरकत घेतलीच, तर त्याने आधी येऊन गाड्याच्या चाकांना वंगण घालावे आणि मग बोलावे.

वरील मजकूर मी स्वतः टंकलिखित केला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिन्ही साक्षीदारांनी पूर्ण ऐकला. देल्फिना बाहेर स्वयंपाकघरात होती. तिने ऐकले नाही असे ती म्हणते.

पुढे अपेक्षित आहे ते असे. बुधवारी सकाळी मेदिंग येईल. तिची मूर्ती शेजारचे लोक आणतील, पण हात ती स्वतः मांडीवर घेऊन तीनचाकीतून आणणार आहे, गाडी पाठवू नकोस असा तिचा निरोप आहे. त्या दोघी माडीवर पडदा लावतील आणि मी रिवाजाप्रमाणे खाली येऊन गाड्यापाशी बसेन. यंदा साल विषम आहे, गाडा आमचा निघायचा आहे. दुपारी श्रीमती इलागान मऊ अस्तराची पेटी घेऊन येतील. ती पेटी भरून परत जाईल की रिकामी, हे त्यांना किंवा मला तोवर माहीत नसेल. त्यांच्यासाठी मी दुसरी खुर्ची मांडून ठेवणार आहे. मग वरून हाक येईल. मी वर जाईन आणि पडद्याबाहेर जी उभी असेल तिच्या झग्याच्या काठाला ओठ लावीन. ती कोणती, हे विचारणार नाही.

(सही) एउसेबियो लांतिन

साक्षीदार, मृत्युपत्रकर्त्यासमोर व परस्परांसमोर:
(सही) लियोदेगारिओ मांगुबात, केशकर्तनकार, समोरचे घर
(सही) प्रिमितिवा अल्काराझ, निवृत्त शिक्षिका
(सही) होविनो तालाबोंग, गाडा ओढणाऱ्यांपैकी

स्थळ: राहते घर, माडी, लागुना प्रांत
दिनांक: १५ एप्रिल २०१९, पवित्र आठवड्याचा सोमवार