कानावरचे दाणे आणि सकाळच्या बातम्या

३ मार्च
हवेत पराग सुटले. शिंका सुरू. माझ्या रेकॉर्ड केलेल्या बातम्यांमधून शिंका कापून कापून रेडिओचा तंत्रज्ञ रडकुंडीला आलाय. साहेब म्हणाले, शिंका थांबव, वीस तारखेपासून सकाळच्या लाइव्ह बातम्या तुझ्या. आयुष्यभर ह्याचीच वाट पाहिली! बायको म्हणते, अ‍ॅलर्जीची गोळी घे. मुळीच नाही. गोळीनं झोप येते, आवाज बसतो.

४ मार्च
मेहुण्यानं कानाच्या अ‍ॅक्युप्रेशरचा ऑनलाइन कोर्स केलाय. अख्खं शरीर कानात असतं म्हणे. नाकाचा पॉइंट शोधून बारीक दाणे चिकटवले. येता-जाता दाबायचे. भयंकर ठणकतं. म्हणजे लागू पडतंय.

६ मार्च
एकही शिंक नाही! गोळ्यांचं पाकीट बायकोच्या देखत कचऱ्यात टाकलं. ती चहा टाकायला उठली. हरली की अशीच उठून जाते. झोपही गाढ लागते, दुपारी ऑफिसातसुद्धा. झोपेचा पॉइंट शेजारीच असणार.

११ मार्च
रात्रीच्या निवेदकाच्या कानाला स्वतः दाणे लावले. नको नको म्हणत होता. अज्ञान, दुसरं काय!

१५ मार्च
साहेबांना ठणकावून सांगितलं, शिंका हा विषय संपला. लाइव्ह पक्कं. बायको बहिणीकडे गेली. म्हटलं, खुशाल राहा, माझं काही अडत नाही.

१७ मार्च
शिंकांवर शिंका. मेहुणा फोनवर म्हणाला, साठलेलं बाहेर पडतंय, दाबत राहा. दाबले. कान टम्म सुजला. हेडफोन बसेना.

१८ मार्च, संध्याकाळी
बायकोला फोन केला. आधी पोटभर हसली. मग म्हणाली, रोज सकाळच्या चहात गोळी कुटून घालत होते. आणि गोळ्या आणून कोण देत होतं? मेहुणा! केसानं गळा कापला दोघांनी. वर हिचं म्हणणं, तुला त्या बातम्या मिळाव्यात म्हणूनच केलं. असलं प्रेम नको मला. आता गोळीशिवायच वाचून दाखवतो. दुसऱ्या कानालाही दाणे लावले.

२० मार्च
लाइव्ह. पहिलीच बातमी ज्येष्ठ मंत्र्यांच्या निधनाची. 'अत्यंत दुःखद' म्हणालो आणि शिंकत जो सुटलो तो सुटलोच. देशभर ऐकू गेलं. साहेब नुसते माझ्या कानांकडे बघत राहिले.

२२ मार्च
लाइव्ह आता रात्रीच्या निवेदकाकडे. बायको परत आली. मेहुण्याशी बोलणार नाही, तिच्याशीही नाही, असं ठरवलं होतं. तिनं चहा आणला. बशीत गोळी, सरळ उघड्यावर. मला फसवण्याचे कष्टही आता कुणी घेणार नाही. मुकाट्यानं घेतली.